अपडेटपॅनेल लावलं, तरी ट्रॅफिक हलेना: एका जुन्या वेब फॉर्मच्या नोंदी

काम असं: एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समधली (मायक्रोसॉफ्टची वेब पानं बांधायची जुनी पद्धत) मागणीपत्रांची स्क्रीन, डॉट नेट फ्रेमवर्क ४.८, आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर चालणारी. वर फिल्टर, मधे पन्नास ओळींची ग्रिड (तक्ता), प्रत्येक ओळीला ‘मंजूर’ बटण, कोपऱ्यात ‘प्रलंबित किती’ हा आकडा, खाली फाइल जोडायची सोय. साइटवर बसून मोबाइल डेटावर काम करणाऱ्यांची तक्रार एकच: काहीही दाबा, पान फिरतच राहतं. नव्याने लिहायचं नाही, आहे त्यातच ट्रॅफिक (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली डेटाची ये-जा) उतरवायचं, एवढीच मुभा. हेच काम अंगावर आलेल्यांसाठी या नोंदी.

५ ऑगस्ट

आधी मोजमाप. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधला ‘साइझ’ हा रकाना फक्त खाली आलेल्या रिस्पॉन्सचा असतो. वर किती पाठवलं ते तिथे दिसत नाही. त्यासाठी रिक्वेस्ट उघडून हेडरमधली ‘कंटेंट लेंग्थ’ बघावी लागते. ती बघितली आणि पुढच्या सगळ्या कामाची दिशा तिथेच ठरायला हवी होती. ठरली मात्र जरा उशिरा.

‘मंजूर’वर एक क्लिक: वर २०५ केबी, खाली ३३६ केबी. खाली आलेल्यात व्ह्यूस्टेट (पानावरच्या कंट्रोलची, म्हणजे घटकांची, स्थिती साठवणारं लपलेलं फील्ड) एकटी १८६ केबी, बाकी १५० केबी एचटीएमएल. तीच १८६ केबी पुढच्या क्लिकला परत वर जाते आणि जाताना फुगते, कारण बेस-६४ (बाइट्स साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) मधली अधिक, तिरपी रेघ आणि बरोबर ही चिन्हं फॉर्म पोस्ट होताना प्रत्येकी तीन अक्षरांची होतात. बेस-६४ ने मूळ बाइट्स आधीच एक तृतीयांशाने वाढवलेले असतात, ते वेगळंच.

सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये डीबग ‘ट्रू’ होतं. तसं असलं की स्क्रिप्टरिसोर्सच्या (फ्रेमवर्कच्या स्वतःच्या जावास्क्रिप्टच्या) फाइली ब्राउझर कॅशेत ठेवत नाही, प्रत्येक पूर्ण पानाला त्या नव्याने उतरतात, आणि उतरतात त्याही डीबगच्या, लठ्ठ. एक शब्द बदलला. अशी फुकटची कमाई असेल तर पहिल्याच दिवशी खिशात टाकावी.

६ ऑगस्ट

सगळे सुचवतात तोच उपाय आधी केला. मास्टर पेजवर (सगळ्या पानांचा सामाईक साचा) त्याला लागणारा स्क्रिप्टमॅनेजर होताच. मजकुराचा सगळा भाग एका मोठ्या अपडेटपॅनेलमध्ये (पूर्ण पान न बदलता फक्त आतला भाग ताजा करणारा कंट्रोल) गुंडाळला. पान लुकलुकायचं थांबलं, स्क्रोल जागच्या जागी राहू लागला, आणि बघणारे म्हणाले, ‘अरे वा, झालं की!’

आकडे काढले. वर २०५ केबी, म्हणजे तसूभरही फरक नाही. खाली ३०० च्या आसपास; गेला तो फक्त मेनू आणि हेडर-फूटर. पोस्टबॅक म्हणजे फॉर्म परत सर्व्हरकडे पाठवणं. असिंक्रोनस पोस्टबॅकमध्येही (पान न बदलता मागच्या मागे होणारा) अख्खा फॉर्म व्ह्यूस्टेटसकट वर जातो, सर्व्हरवर पानाचं पूर्ण जीवनचक्र चालतं, पेज-लोडमधल्या क्वेऱ्या सगळ्या धावतात. कापला जातो तो फक्त परत येणारा एचटीएमएल. सर्व्हरवरचा भार कमी होईल म्हणून कोणी अपडेटपॅनेल लावत असेल तर त्याने आत्ताच थांबावं.

७ ऑगस्ट

मोठं पॅनेल तोडून तीन केली: फिल्टर, ग्रिड, प्रलंबित आकडा. तरी एकात काही बदललं की तिन्ही परत येत होती. अपडेटमोडचं मूळ मूल्य ‘ऑलवेज’ असतं, म्हणजे कुठल्याही असिंक्रोनस पोस्टबॅकला पानावरची सगळी पॅनेल ताजी होतात. तिन्ही ‘कंडिशनल’ केली, ट्रिगर (कशामुळे पॅनेल ताजं व्हायचं ते) हाताने जोडले. ग्रिडच्या बाहेरून ग्रिड बदलायची वेळ येते तिथे कोडमधून त्या पॅनेलचं अपडेट बोलावलं.

मग प्रलंबित आकड्याचं पॅनेल तपासलं. त्याचा कच्चा रिस्पॉन्स एकदा डोळ्यांनी वाचण्यासारखा असतो. उभ्या रेघांनी तोडलेले तुकडे: लांबी, प्रकार, आयडी, मजकूर, परत लांबी, प्रकार, आयडी, मजकूर. एक तुकडा पॅनेलचा, त्यात एका स्पॅनमध्ये आकडा ७, सगळा मिळून शंभरेक अक्षरांचा. त्याच्या मागोमाग ‘हिडनफील्ड’ प्रकारचा तुकडा: व्ह्यूस्टेट, १८६ केबी, पडदेच्या पडदे भरून. एक रुमाल धुवायला अख्खं गाठोडं नदीवर न्यावं तसा प्रकार.

आणि या आकड्यामागे टायमर कंट्रोल, दर १५ सेकंदांनी. मिनिटाला चार फेऱ्या, म्हणजे ८२० केबी वर. तासाला साधारण ४८ एमबी, एका उघड्या टॅबमागे, कोणी बोटही न लावता. साइटवरच्या लोकांचा डेटा कुठे जातो त्याचा पत्ता लागला.

८ ऑगस्ट

व्ह्यूस्टेटमध्ये कोण बसलंय ते शोधायला पानाचं ट्रेस (आत काय घडतं त्याची नोंद) चालू केलं. कंट्रोल ट्रीमध्ये प्रत्येक कंट्रोलसमोर त्याची व्ह्यूस्टेट किती बाइट ते मिळतं. पण ट्रेस पानाच्या तळाशी छापायला लावलं की असिंक्रोनस पोस्टबॅक कोसळतो: ‘सर्व्हरकडून आलेला संदेश वाचता आला नाही’ अशी पार्सर एरर. वर सांगितलेल्या उभ्या रेघांच्या हिशोबात ट्रेसचा एचटीएमएल घुसतो आणि लांबी जुळत नाही. कोडमध्ये कुठे रिस्पॉन्स-राइट राहिलं असेल, एखादं मॉड्यूल किंवा फिल्टर रिस्पॉन्समध्ये काही चिकटवत असेल, तरी हीच एरर. पानावर न छापता ट्रेस डॉट एएक्सडीवर बघितलं की भागतं.

यादी अशी निघाली: पानाच्या स्वतःच्या व्ह्यूस्टेटमध्ये ८५ केबी, ग्रिड ६६, वस्तूंचा ड्रॉपडाउन २८, बाकी किरकोळ.

पानाचे ८५ म्हणजे कोणीतरी कधीकाळी अख्खं डेटाटेबल (क्वेरीचा पूर्ण निकाल) व्ह्यूस्टेटमध्ये कोंबलं होतं, सॉर्टिंगला परत क्वेरी नको म्हणून. डेटाटेबल सिरियलाइझ होताना मूळ सेटिंगमध्ये एक्सएमएलच्या रूपात, स्कीमासकट जातं. डेटाबेसची जी क्वेरी वाचवली ती निमिषात उरकणारी होती, आणि तिच्या बदल्यात प्रत्येक क्लिकला ८५ केबी वर-खाली. काढून टाकलं, सॉर्टचा रकाना आणि दिशा एवढंच ठेवलं.

११ ऑगस्ट

पानावर व्ह्यूस्टेटमोड ‘डिसेबल्ड’ केला आणि ज्याला खरंच गरज त्यालाच ‘एनेबल्ड’ द्यायचं ठरवलं. डॉट नेट ४ पासून ही सोय आहे. त्याआधीच्या ‘एनेबल-व्ह्यूस्टेट’मध्ये वरच्या कंट्रोलवर बंद केलं की आतल्याला उघडता येत नसे.

लगेच दोन गोष्टी मोडल्या.

एक, विभागाचा ड्रॉपडाउन. व्ह्यूस्टेट नाही म्हणून यादी पेज-इनिटमध्ये (पेज-लोडच्याही आधीचा टप्पा) भरली. पेज-लोडमध्ये भरली तर पोस्ट झालेली निवड हातातून निसटलेली असते. निवड बरोबर आली, पण आता कुठलंही बटण दाबलं की ग्रिड पहिल्या पानावर उडी मारू लागली. आधीची निवड काय होती हे आठवायला कंट्रोलकडे काही नसतं. तो पहिल्या ओळीशी तुलना करतो, फरक दिसतो, आणि ‘निवड बदलली’ हा इव्हेंट दर पोस्टबॅकला उडतो. त्या इव्हेंटमध्ये पान क्रमांक शून्य करायचा कोड होता. यादी छोटीशी आहे, म्हणून त्या एका ड्रॉपडाउनची व्ह्यूस्टेट परत चालू केली. काही बाइट वाचवायला कोडात कसरत घालण्यात अर्थ नाही.

दोन, ‘मंजूर’ बटण मुकं झालं. क्लिक जाते, पोस्टबॅक होतो, इव्हेंट येत नाही. साहजिक आहे: व्ह्यूस्टेट नाही म्हणजे पोस्टबॅकच्या वेळी ग्रिडच्या ओळीच नाहीत, मग ओळीतलं बटण कुठून असणार? उपाय म्हणून पेज-लोडमध्ये दर वेळी डेटाबाइंड केलं, म्हणजे ग्रिड डेटाने परत भरली. बटण बोलू लागलं. ते तसंच टेस्टिंगला दिलं.

१२ ऑगस्ट

टेस्टिंगकडून परत: ‘मी मंजूर केलं एक, मंजूर झालं दुसरंच.’

हे नीट लिहितो, कारण असली चूक आठवडेच्या आठवडे कोणाच्या लक्षात येत नाही आणि आली की फार महागात पडते. बटणाची ओळख त्याच्या क्रमांकित नावात असते: ग्रिडमधली तिसरी ओळ, तिच्यातलं बटण. वापरणाऱ्याने पान उघडलं तेव्हा तिसऱ्या ओळीत एक मागणीपत्र होतं. तो विचार करत असताना दुसऱ्या कोणी नवं मागणीपत्र टाकलं. सॉर्ट ‘नवं आधी’ असल्याने सगळं एक घर खाली सरकलं. आता क्लिक आली. सर्व्हरने आधी ग्रिड ताज्या डेटाने भरली, मग ‘तिसऱ्या ओळीचं बटण’ शोधलं, आणि ते मिळालं वेगळ्याच मागणीपत्राचं. बटणाचं कमांड आर्ग्युमेंटही (बटणाला जोडलेलं मूल्य) नुकत्याच भरलेल्या ओळीचं, त्यामुळे तेही साळसूदपणे चुकीचा आयडी देतं. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये सगळं सुरळीत.

व्ह्यूस्टेट चालू असताना हे होत नव्हतं, कारण ओळी जुन्या डेटावरूनच परत उभ्या राहत. म्हणजे त्या ६६ केबींचा काही उपयोग होता म्हणायचा.

सुटका दोन प्रकारे. ग्रिडच्या डेटाकीज (ओळींचे आयडी) कंट्रोल स्टेटमध्ये (कंट्रोलचा बंद न करता येणारा छोटा साठा) राहतात, व्ह्यूस्टेट बंद असली तरी परत येतात. डेटाबाइंड करण्यापूर्वी त्या वाचून ठेवल्या तर जुन्या ओळीचा आयडी मिळतो. बाइंड झालं की त्या नव्याने लिहिल्या जातात. चालतं, पण हा क्रम पुढे कोणीतरी नकळत उलटवणार याची मला खात्री आहे. म्हणून दुसरा मार्ग धरला: बटण साधं एचटीएमएलचं, मागणीपत्राचा आयडी त्याच्याच अंगावर, आणि पोस्टबॅक नाहीच.

१३ ऑगस्ट

पेज मेथड. कोडबिहाइंडमध्ये स्टॅटिक मेथड, तिच्यावर वेबमेथड हे ॲट्रिब्यूट, स्क्रिप्टमॅनेजरवर ‘एनेबल पेज मेथड्स’. फॉर्म जात नाही, व्ह्यूस्टेट जात नाही. जेसनमध्ये आयडी जातो, उत्तर येतं. मेथड स्टॅटिक असल्याने पानावरच्या कुठल्याही कंट्रोलला हात लावता येत नाही, हे सुरुवातीला बोचतं आणि नंतर बरं वाटतं.

पहिलीच कॉल: ४०१. लॉगिन झालेलं, कुकी जातेय, तरी ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’. अर्धा दिवस परवानग्या तपासण्यात गेला. कारण लॉगिनचं नव्हतंच: या प्रकल्पात फ्रेंडली यूआरएलचं (पत्त्यामागचं एएसपीएक्स लपवणारं) पॅकेज आहे, आणि त्याच्या रूट कॉन्फिगमध्ये ऑटो-रिडायरेक्ट ‘पर्मनंट’ होतं. ते ‘ऑफ’ केलं की कॉल बसली. नव्या वेब फॉर्म्स टेम्प्लेटमध्ये हे पॅकेज आपसूक येतं, तेव्हा ४०१ दिसली की आधी तिथे बघा.

मेथडमध्ये परवानगी परत तपासली आणि मागणीपत्राची स्थिती अजून ‘प्रलंबित’ आहे ना तेही. पोस्टबॅकला इव्हेंट व्हॅलिडेशनची (सर्व्हरने न दिलेली मूल्यं नाकारणारी तपासणी) राखण असते, इथे ती नाही. आयडी काहीही येऊ शकतो.  सेशन (माणसागणिक सर्व्हरवर ठेवलेला डेटा) या मेथडला लागत नव्हतं, तेच बरं: सेशन लिहिण्यासाठी उघडलेलं असेल तर एकाच माणसाच्या रिक्वेस्टी एकामागे एक रांगेत थांबतात.

मंजुरीनंतर ओळीचा रंग बदलणं आणि बटण बंद करणं ब्राउझरमध्येच केलं. वर आणि खाली दोन्ही मिळून, हेडर आणि कुकी सोडल्यास, एक केबीही होत नाही.

१४ ऑगस्ट

टायमर कंट्रोल उखडला, जागी सेट-इंटरव्हल (ठरावीक वेळाने कोड चालवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) आणि आकडा देणारी पेज मेथड, मिनिटाला एकदा. टॅब मागे गेला की विचारणं बंद.

यात एक जुनी खोड बाहेर आली. दर काही सेकंदांची ही फेरी लॉगिनची मुदत पुढे ढकलत राहते, त्यामुळे ‘काही न केल्यास बाहेर काढा’ हा नियम या स्क्रीनवर कधी लागूच होत नव्हता. माउस-कीबोर्ड शांत असला की फेरी थांबेल अशी भर घातली.

वस्तूंचा ड्रॉपडाउन: सहाशेच्या आसपास नावं, व्ह्यूस्टेटमध्ये २८ केबी आणि एचटीएमएलमध्ये परत ४५. जागी टेक्स्टबॉक्स, तीन अक्षरं टाकल्यावर पेज मेथडकडून पहिली दहा नावं. टायपिंग थांबल्यावर ३०० मिलिसेकंदांनी विचारायचं, नाहीतर अक्षरागणिक कॉल जाते आणि वाचवलेलं तिथे उधळलं जातं.

१८ ऑगस्ट

विभाग निवडला की उपविभागांची यादी यायची, तीही पेज मेथडवर नेली. यादी छान आली. ‘शोधा’ दाबलं आणि पान फाटलं: ‘इनव्हॅलिड पोस्टबॅक ऑर कॉलबॅक आर्ग्युमेंट’. सर्व्हरने दिले नव्हते असे पर्याय ब्राउझरमध्ये भरून ते सर्व्हरच्या ड्रॉपडाउनमधून परत पाठवले, तर इव्हेंट व्हॅलिडेशन ते नाकारतं, आणि बरोबरच करतं. शोधलं तर जो तो ते पानापुरतं बंद करायला सांगतो. तसं केलं नाही. उपविभागाचा कंट्रोल साधा एचटीएमएल सिलेक्ट केला, मूल्य रिक्वेस्टच्या फॉर्ममधून घेतलं आणि ते त्या विभागाचंच आहे ना हे सर्व्हरवर तपासलं.

तारखेचा कॅलेंडर पहिल्यांदा उघडतो, ग्रिड एकदा ताजी झाली की उघडत नाही, हीही तक्रार आली. पॅनेलमधला एचटीएमएल पूर्ण बदलतो, जुन्या घटकांना बांधलेले हँडलर त्यांच्याबरोबर जातात, आणि जेक्वेरीचं ‘रेडी’ (पान तयार झाल्यावर एकदाच चालणारा कोड) परत चालत नाही. पेजलोड नावाचं फंक्शन प्रत्येक अर्धवट अपडेटनंतर चालतं म्हणून सगळं त्यात टाकलं, तर पॅनेलबाहेरच्या बटणांना हँडलर दोनदोनदा बांधले जाऊन एका क्लिकला दोन कॉल जाऊ लागल्या. शेवटी क्लिकचे हँडलर डॉक्युमेंटवर बांधून सोपवले, आणि पेजलोडमध्ये फक्त कॅलेंडर चढवणं ठेवलं, तेही आधी चढलेला नसेल तरच.

१९ ऑगस्ट

व्ह्यूस्टेट आता ६ केबी. ग्रिडचं पान उलटलं की वर ९ केबी, खाली ५४. बटणांच्या लांबलचक पोस्टबॅक लिंका गेल्यामुळे ग्रिडचा एचटीएमएलही ७० वरून ४८ झाला.

त्यानंतर आयआयएसवर डायनॅमिक कॉम्प्रेशन चालू केलं. हे मॉड्यूल वेगळं बसवावं लागतं. नुसता चौकोन टिचकवून भागत नाही. खालचे ५४ साधारण ८ वर आले, तक्त्याचा एचटीएमएल फार दाबला जातो. हे मुद्दाम शेवटी ठेवलं. पहिल्याच दिवशी चालू केलं असतं तर खालचे आकडे लगेच देखणे झाले असते, वरचे २०५ मात्र जसेच्या तसे राहिले असते, कारण ब्राउझर फॉर्म पोस्ट करताना दाबून पाठवत नाही. आणि मोबाइल डेटावर बहुतेक वेळा वर जाणारी वाटच अरुंद असते.

मधे एकाने सुचवलं होतं की व्ह्यूस्टेट सेशनमध्येच ठेवा, सेशन-पेज-स्टेट-पर्सिस्टर आहे ना. वर जाणारं ओझं एका फटक्यात जातं हे खरं. पण सेशनमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे शेवटच्या नऊच पानांची स्थिती राहते आणि प्रत्येक पोस्टबॅक नवी जागा घेतो. दोन-तीन टॅब उघडून काम करणारे इथे बरेच, शिवाय ॲप पूल (ॲप चालवणारी सर्व्हरवरची प्रोसेस) रिसायकल झाला की प्रोसेसमधलं सेशन जातं आणि माणूस अर्ध्या भरलेल्या फॉर्मसमोर एरर बघत बसतो. नको.

२० ऑगस्ट

राहिलेलं उरकलं. फाइल जोडायचा कंट्रोल असिंक्रोनस पोस्टबॅकमध्ये फाइल पाठवतच नाही, सर्व्हरला रिकामा मिळतो. ‘जोडा’ बटणाला पोस्टबॅक-ट्रिगर देऊन पूर्ण पोस्टबॅक करू दिला. एक्सेल निर्यातीच्या बटणाचंही तेच, नाहीतर फाइलचे बाइट्स रेघांच्या हिशोबात घुसून वरचीच पार्सर एरर. ही दोन बटणं क्वचित दाबली जातात आणि आता व्ह्यूस्टेटच ६ केबी असल्याने पूर्ण पोस्टबॅकही जड जात नाही.

फिल्टरचं पॅनेल काढूनच टाकलं. त्यात सर्व्हरकडून बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं. पानावर आता एकच अपडेटपॅनेल आहे, ग्रिडचं. प्रत्यक्ष सर्व्हरवर चढवलं. चढवताना एक काळजी: ज्यांच्याकडे जुनं पान उघडं होतं त्यांचा पहिला पोस्टबॅक फसू शकतो, कारण कंट्रोलची रचना बदलली आणि त्यांच्याकडची व्ह्यूस्टेट जुनीच. म्हणून कामाच्या वेळेनंतर चढवलं आणि सकाळी सगळ्यांना पान ताजं करायला सांगितलं.

बाकी: तपशिलाची पॉपअप स्क्रीन अजून जुन्या पद्धतीची आहे, आणि तिच्याही व्ह्यूस्टेटमध्ये एक डेटाटेबल बसलेलं दिसतंय.